आधुनिक चित्तागार आणि आपण

ज्या वास्तूला आपण आज कलासंग्रहालय म्हणतो तिच्यासाठी तिपिटकात एक नेमका शब्द आहे : चित्तागार. विनयपिटकाच्या भिक्खुनी-विभंगात कोसलनरेश पसेनदीच्या उद्यानातील चित्तागाराचा उल्लेख येतो. तेथे चित्रे काढलेली होती आणि ती पाहण्यासाठी लोकांची रीघ लागत असे. काही भिक्खुनीही तेथे गेल्या. गृहस्थ स्त्रियांप्रमाणे भिक्खुनींनी करमणुकीसाठी हिंडावे हे लोकांना रुचले नाही, आणि चित्तागार पाहण्यास जाण्याविषयी भिक्खुनींसाठी पाचित्तिय नियम घालण्यात आला. चुल्लवग्गातही असाच एक प्रसंग आहे. षड्वर्गीय भिक्खूंनी विहारात स्त्री-पुरुषांच्या आकृती रंगवून घेतल्या, तेव्हा भगवंतांनी त्या प्रकारच्या चित्रांना मनाई केली. माळा, वेली, मकरदंत अशा नक्षीला मात्र अनुमती दिली.

एवढ्यावरून धम्माला चित्रकलेचे वावडे होते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. हे नियम संघाच्या शिस्तीचे आहेत. उपासक-उपासिकांना चित्तागाराचे दार बंद केलेले नाही. शिवाय त्याच धम्माच्या आश्रयाने पुढे अजिंठ्याच्या भिंती माणसांच्या आकृतींनी भरून गेल्या. खरे म्हणजे चित्राचे सामर्थ्य तिपिटकाने फार बारकाईने ओळखले होते. संयुत्त निकायाच्या खन्धसंयुत्तात गद्दुलबद्ध नावाची दोन सुत्ते आहेत. त्यांतील दुसऱ्यात ‘चरण’ नावाच्या एका चित्राचा दाखला येतो. ते चित्र चित्तानेच कल्पिलेले असते आणि चित्त हे त्या चित्राहूनही अधिक विचित्र, म्हणजे बहुविध असते, असा तेथील आशय आहे. पालीत ‘चित्त’ हा एकच शब्द मन आणि चित्र या दोन्ही अर्थांनी येतो. तेव्हा हा श्लेष सहेतुक आहे हे उघड आहे. अट्ठकथेच्या स्पष्टीकरणानुसार हे ‘चरण’ चित्र घेऊन फिरणारे लोक ब्राह्मण पंथाचे होते. अमुक कर्म केले की अमुक गती मिळते, हे ते चित्रे दाखवून लोकांना शिकवीत. आपल्याकडील चित्रकथींची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. चित्र नुसते शोभेचे नसते. ते पाहणाऱ्याच्या मनात एक जग उभे करते आणि त्या जगात कोणाची जागा कोठे, हेही ठरवून देते.

त्याच सुत्तात चित्रकाराची उपमा आहे. लाख, हळद, नीळ, मंजिष्ठ असे रंग घेऊन चित्रकार घोटलेल्या फळीवर, भिंतीवर किंवा वस्त्रावर सर्वांगपरिपूर्ण स्त्री वा पुरुष उभा करतो. अज्ञ माणूसही त्याचप्रमाणे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान पुन्हा पुन्हा उभे करीत राहतो. या उपमेतून पाहणाऱ्यासाठी तीन प्रश्न निघतात. हे कोणी उभे केले? कोणासाठी उभे केले? आणि उभे करताना भिंतीबाहेर काय राहिले? हे तीन प्रश्न बरोबर घेऊन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे पाहण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत. नसरापूर आणि भोर-वेल्हे परिसरातील काही उपासक-उपासिकांसमवेत आम्ही हे संग्रहालय पाहिले. त्यानंतर झालेल्या चर्चेचा या लेखाला मोठा आधार आहे.

वास्तूची स्मृती

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मूळ संस्था १९५४ साली दिल्लीत जयपूर हाऊसमध्ये स्थापन झाली. मुंबईची शाखा १९९६ साली सुरू झाली. तिच्यासाठी निवडलेली इमारत म्हणजे सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह. १९११ साली बांधलेल्या या सभागृहाचा आराखडा वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचा. समोरचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि गेटवे ऑफ इंडिया याही त्यांच्याच कृती. सभागृहाच्या पोटात अर्धवर्तुळाकार मजले आणि जिने बसवून, वर घुमटाखालच्या दालनापर्यंत चढत जाण्याची आजची रचना नंतरची आहे.

अशा इमारतीचा परिचय करून देताना वास्तुविशारद, देणगीदार आणि शैली यांची नावे घेण्याची प्रथा आहे. आपल्या दृष्टीने मात्र या वास्तूला आणखी एक इतिहास आहे. सभागृह बांधले गेले त्या काळात तेथून चालत काही मिनिटांच्या अंतरावर, एल्फिन्स्टन महाविद्यालयात, भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी शिकत होता. पुढे १९३२ साली, पुणे करारावर सह्या होऊन आठवडाही उलटला नसताना, ३० सप्टेंबर रोजी याच सभागृहात पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली हिंदूंची मोठी सभा भरली आणि अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण संघ स्थापन करण्याचे ठरले. हाच संघ पुढे हरिजन सेवक संघ या नावाने ओळखला जाऊ लागला. घनश्यामदास बिर्ला त्याचे अध्यक्ष होते, तर अमृतलाल ठक्कर चिटणीस. बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, लंडनला जात असताना बोटीवरून, ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. व्यक्तींचे आचरण सुधारण्याच्या कार्यक्रमाने अस्पृश्यांची स्थिती बदलणार नाही. विहिरी, शाळा, गावातील वावर या नागरी हक्कांसाठी संघाने मोहीम उघडली पाहिजे, आणि काम करणारी माणसे शक्यतो त्याच वर्गातून घेतली पाहिजेत, अशी त्यांची मांडणी होती. त्या पत्राला उत्तर आले नाही, हे बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे.

आम्ही हा इतिहास येथे सांगतो तो केवळ कुतूहल म्हणून नव्हे. ज्या सभागृहात आपल्याविषयी इतरांनी ठराव केला, त्याच सभागृहात आज आधुनिक भारताचे चित्र टांगलेले आहे. १९३२ सालचा प्रश्न होता : अस्पृश्यांच्या कामाची दिशा कोणी ठरवायची? आजचा प्रश्न त्याचेच दुसरे रूप आहे : आधुनिक भारत कसा दिसतो, हे कोणी ठरवायचे?

अजिंठ्याचे ऋण

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आधुनिक भारतीय कलेच्या पायाशी बौद्ध कला आहे. हा आपला अभिमानाचा दावा नसून कलेच्या इतिहासातील सरळ वस्तुस्थिती आहे. १८१९ साली अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडली. १८४४ नंतर मेजर रॉबर्ट गिल यांनी तेथे वर्षानुवर्षे राहून चित्रांच्या प्रती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानंतर १८७२ पासून मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी दर हंगामात अजिंठ्याला जाऊ लागले. सुमारे बारा-तेरा वर्षे हे काम चालले. त्या प्रतींपैकीही पुष्कळ १८८५ सालच्या आगीत नष्ट झाल्या. उरल्या त्या ‘ग्रिफिथ्सच्या प्रती’ म्हणून ओळखल्या जातात. ज्या एतद्देशीय विद्यार्थ्यांच्या हातांनी त्या घडल्या त्यांची नावे मागे पडली. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी बंगाली चित्रकार अजिंठ्यात काम करून गेले. म्हणजे मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही शाळांच्या चित्रकारांनी रेषा गिरवली ती बौद्ध लेण्यांच्या भिंतीवरची.

त्यांनी तेथून घेतले काय? रेषेचा प्रवाह, मातीच्या रंगांची ऊब, देहाची लय, गर्दीतही एकेका आकृतीला मिळणारी शांतता. हे सर्व खरे आहे आणि मौल्यवान आहे. परंतु अजिंठ्याच्या भिंतीवर रेषा आधी आणि आशय नंतर असे नव्हते. छद्दन्त जातकातील गजराज आपल्या मारेकऱ्याला स्वतःचे दात देतो, वेस्सन्तर आपले सर्वस्व देतो, महाजनक राज्य सोडतो. या कथा सांगण्यासाठी ती रेषा घडली होती. आधुनिकांनी भाषा उचलली आणि वाक्ये मागे ठेवली.

अमृता शेरगिल यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. त्यांनी १९३६ साली अजिंठा पाहिला आणि त्यांच्या चित्रांचा चेहरामोहरा बदलला. १९३७ साली त्यांनी काढलेली ‘नववधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजारास निघालेले दक्षिणेतील ग्रामस्थ’ ही तीन चित्रे भारतीय आधुनिक कलेतील मैलाचे दगड मानली जातात. त्यांचे सामर्थ्य आम्हीही मानतो. पॅरिसमध्ये शिकलेल्या या तरुणीने गरिबांच्या देहातील थकवा आणि अबोलपणा ज्या गांभीर्याने रंगविला, तसा तो तिच्या आधी क्वचितच कोणी रंगविला होता. तरीही ‘ब्रह्मचारी’ या चित्रापुढे पालीच्या अभ्यासकाला थांबावे लागते. रंगाची योजना आणि आकृतींची मांडणी अजिंठ्याच्या भिक्खुसंघाकडून शिकलेली. आणि त्या मांडणीत बसले आहेत ते जानवेधारी बटू. ज्या संघाने जन्मावरून ठरणारे ब्राह्मण्य नाकारले, त्याच संघाच्या भिंतीवरची रेषा जानव्याचा धागा रेखाटण्याच्या कामी आली. चित्रकर्तीच्या मनात असा काही हेतू होता असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, आशयापासून सुटलेली रेषा कोणाच्याही कामी येते.

आता या रस्त्याच्या दोन्ही बाजू एकत्र पाहा. पलीकडच्या वस्तुसंग्रहालयात सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपातून मिळालेल्या भाजक्या मातीच्या अप्रतिम बुद्धमूर्ती आहेत. गांधारशैलीची शिल्पे आहेत. तेथे बुद्ध ही पुरावस्तू आहे. अलीकडच्या चित्तागारात ज्या कलेचा इतिहास मांडला जातो त्यात बुद्ध ही प्रेरणा आहे. एकीकडे होऊन गेलेला बुद्ध, दुसरीकडे कलावंताच्या मनातला बुद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्या लाखो लोकांनी बुद्धाला शरण जाऊन आपले जगणे बदलले त्यांचा बुद्ध या दोहोंपैकी कोठे बसतो? भारताच्या आधुनिकतेतील याहून मोठी घटना दाखविणे अवघड आहे. तरीही आधुनिक कलेच्या रूढ इतिहासात ती घटना म्हणून येत नाही.

शून्यता नावाचा अलंकार

आधुनिक कलेच्या चर्चेत बौद्ध परिभाषेतील एक शब्द मात्र हमखास भेटतो, तो म्हणजे शून्यता. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांविषयी लिहिताना मौन, ध्यान, झेन आणि शून्यता या शब्दांची माळ गुंफल्याशिवाय समीक्षकांचे समाधान होत नाही. गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, १९४८ साली ज. जी. कला शाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले, १९७२ पासून दिल्लीत राहिले आणि २००१ साली निवर्तले. झेन विचारांचे त्यांना आकर्षण होते हे सर्वश्रुत आहे. त्यांची चित्रे पाहणे हा खरोखर एक अनुभव आहे. रूळ आणि रंगसुरी यांनी रंगाचे थर चढवायचे, फाडलेल्या कागदांनी ते काही ठिकाणी टिपून घ्यायचे, आणि या घालण्या-काढण्यातून आतून उजळल्यासारखा भासणारा पृष्ठभाग सिद्ध करायचा, ही त्यांची रीत होती. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. हा संयम अनुकरणीय आहे. आमचा आक्षेप चित्रकारावर नाही; त्याच्या चित्रावर चिकटविलेल्या शब्दावर आहे.

पाली परंपरेत सुञ्ञता म्हणजे काय? संयुत्त निकायाच्या सळायतन वग्गात आनंद भगवंतांना विचारतात की, जग शून्य आहे असे म्हणतात ते कोणत्या अर्थाने. उत्तराचा आशय असा की, ‘आत्मा’ आणि ‘आत्म्याचे म्हणून जे काही’ त्याने जग रिकामे आहे. म्हणजे सुञ्ञता हा ‘मी’ आणि ‘माझे’ यांवरचा प्रहार आहे. जन्माने मी श्रेष्ठ, हे ज्ञान माझे, हे पाणी माझे, ही जातीची सारी वाक्ये याच ‘मी-माझे’तून निघतात. जिला पोटात आत्मा नाही अशा जगात उच्च-नीच आत्म्यांची उतरंड रचता येत नाही. बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात शून्यतेचा अर्थ अभाव असा न करता क्षणोक्षणी चालणारा बदल असा केला, आणि या बदलामुळेच सर्व काही शक्य होते यावर भर दिला. ज्याला आपली सामाजिक स्थिती बदलायची आहे त्याच्यासाठी हा आशेचा सिद्धान्त आहे.

या सिद्धान्ताचे दिवाणखान्यातील शांततेत रूपांतर झाले म्हणजे काय होते? शून्यता मग कोणालाच अडचणीची राहत नाही. २०१३ साली मुंबईतील एका लिलावात गायतोंडे यांचे एक चित्र सुमारे २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. चित्राला किंमत यावी यात गैर काही नाही, आणि साधेपणाने राहिलेल्या चित्रकाराला त्याबद्दल बोल लावण्याचे कारणही नाही. पण ज्या शब्दाने ‘माझे’पणाचा पाया खणून काढला तोच शब्द मालकीची शोभा वाढविणारा अलंकार व्हावा, ही अर्थाची मोठी हानी आहे, आणि ती दाखवून देणे हे पालीच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

मज्झिम निकायातील चूळसुञ्ञत सुत्त या बाबतीत आपल्याला एक शिस्त शिकविते. भगवान सावत्थीच्या पुब्बारामात, मिगारमातेच्या प्रासादात असताना हे सुत्त सांगितले गेले. मिगारमाता म्हणजे विसाखा. एका उपासिकेने दान दिलेली ही वास्तू. हा प्रासाद हत्ती, गाई, घोडे, सोने-रुपे यांनी रिकामा आहे, येथे स्त्री-पुरुषांची गर्दी नाही. परंतु भिक्खुसंघाच्या दृष्टीने तो रिकामा नाही. अशा रीतीने एकेक पायरी चढत ध्यान पुढे जाते, आणि प्रत्येक पायरीवर एकच नियम पाळला जातो : जे तेथे नाही ते नाही म्हणून पाहायचे, आणि जे उरले आहे ते आहे म्हणून जाणायचे. शून्यता ही धूसर भावावस्था नव्हे. ती काटेकोर मोजदाद आहे. विसाखेच्या प्रासादाला लावलेला हा नियम चित्तागारालाही लागू पडतो, असे आमचे मत आहे.

नसरापूरची मोजदाद

नसरापूर पुणे-सातारा रस्त्यालगत आहे. बाहेरच्या माणसाला या गावाचे नाव सांगितले की त्याला पेशवेकाळात बांधलेले बनेश्वराचे मंदिर आठवते, मग राजगड आणि तोरणा. आमच्या भागाचे चित्र म्हणजे मंदिर, किल्ला आणि पावसाळी डोंगर. या चित्रात विहार नाही, गावाबाहेरची वस्ती नाही. चित्रात न दिसण्याची आमच्या उपासकांना सवय आहे. म्हणूनच चित्रात काय नाही हे त्यांना चटकन दिसते.

संग्रहालयात ग्रामीण जीवनाचे एक चित्र होते. डोक्यावर घागर घेतलेली स्त्री, मागे झाडे आणि घरे. रंग सुरेख, रेषा सुडौल. आमच्यातील एक वयस्क उपासिका त्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बाई पाणी भरून आली हे दिसतंय, पण कुणाच्या विहिरीवरनं आली?” हा प्रश्न कोणत्याही कलासमीक्षेच्या ग्रंथात आम्हाला आढळलेला नाही, आणि तरीही तो चित्रासंबंधीचाच प्रश्न आहे. नसरापूरहून भोर आणि भोरहून वरंधा घाट उतरला की महाड येते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी ओंजळीत घेतले त्यांच्या वारसांना घागर ही केवळ गोलाई म्हणून दिसू शकत नाही. चित्रकाराला घागरीचा आकार दिसला. पाणी भरण्याचा हक्क दिसला नाही. या उपासिकेने सुत्ताचे नावही न घेता नेमके तेच केले : जे आहे ते पाहिले आणि जे नाही ते नाही म्हणून जाणले.

मोजदाद प्रामाणिक असावी, म्हणून जे आहे त्याचीही नोंद केली पाहिजे. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे आणि आरा हे त्याचे मूळ सदस्य. त्यांत कृष्णाजी आरा हे घरगडी म्हणून काम करीत आणि मोटारी पुसत चित्रकार झालेले होते. मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवासही भोगला. पुढे त्यांनी धडपडणाऱ्या तरुण चित्रकारांना जागा आणि आधार मिळवून देण्यात आयुष्य वेचले. हुसेन सिनेमाचे फलक रंगवून पोट भरीत. म्हणजे कष्टकऱ्यांना आधुनिक कलेचे दार पूर्ण बंद होते असे म्हणता येणार नाही. त्या दारातून माणूस आत गेला. त्याच्या जगण्यातील जातीचा प्रश्न मात्र बाहेर राहिला. नग्न देह, फुले, घोडे, बिंदू, निसर्ग हे सर्व कलेचे विषय ठरले. गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू हा विषय ठरण्यास आणखी काही दशके जावी लागली.

तो विषय आणला आपल्याच माणसांनी. १९६१ साली नागपूरला जन्मलेले सवी सावरकर यांनी बडोद्यात मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले, दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन केले आणि पेशवाईतील अस्पृश्य, देवदासी, पुरोहित यांच्या कठोर प्रतिमा निर्माण केल्या. त्यांच्या चित्रांत रेषा सुबक नाही आणि तशी ती असण्याचे कारणही नाही. मडके बांधलेल्या माणसाची मान सुबक रेषेने काढली तर ते असत्य होईल. अलीकडच्या काळात विक्रांत भिसे, प्रभाकर कांबळे, पुण्याच्या राज्यश्री गुडी अशा तरुण कलावंतांनी आंबेडकरी जाणिवेला चित्र, मांडणशिल्प आणि मृत्तिकाशिल्प यांत स्थान दिले आहे. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन जगापुढे आणले. ही कला आता दालनांतून दिसू लागली आहे याचा आनंद आहे. पण तिच्याकडे ‘दलित कला’ नावाचा वेगळा कप्पा म्हणून पाहिले जाईल, की भारताच्या आधुनिकतेचा मुख्य विषय म्हणून, हा प्रश्न शिल्लक राहतो. गावाबाहेरची वस्ती दालनातही गावाबाहेरच राहू नये.

आपली भिंत

हीच मोजदाद आता आपण स्वतःला लावली पाहिजे. अन्यथा ही टीका एकांगी होईल.

आंबेडकरी समाजाने गेल्या पाऊणशे वर्षांत प्रतिमांचे एक प्रचंड विश्व निर्माण केले आहे. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे राहिले, बाबासाहेबांच्या हयातीतच. त्यामागे भाई माधवराव बागल होते, जे स्वतः चित्रकार होते. संसदेच्या आवारातील, शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याचे २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते अनावरण झाले. हात उंचावलेला, दुसऱ्या हाती ग्रंथ घेतलेला तो निळ्या कोटातील देह आज भारतातील सर्वाधिक ओळखीच्या आकृतींपैकी एक आहे. घराघरातील तसबिरी, विहारातील मूर्ती, जयंतीचे फलक, मिरवणुकीतील देखावे ही सर्व आपली चित्रसृष्टी आहे. कोणत्याही संग्रहालयाच्या मान्यतेवाचून ती उभी राहिली. आधुनिक कला म्हणजे नव्या माणसाने स्वतःचे नवे रूप घडविणे, असा जर अर्थ असेल, तर गावकुसाबाहेर सिमेंटने उभारलेला बाबासाहेबांचा ओबडधोबड पुतळा ही आधुनिक कलाच होय.

पण या सृष्टीची नोंद कोठे आहे? आपल्या विहारातील मूर्ती कोणी घडविली, कोठून आणली, कोणत्या वर्षी बसविली, हे किती जणांना सांगता येईल? पहिल्या जयंतीचा फलक रंगविणाऱ्या पेंटरचे नाव कोणाच्या स्मरणात आहे? जुना फलक फाटला की टाकून दिला जातो, जुनी मूर्ती बदलली की तिची वाट कोठे लागते ते कोणी विचारीत नाही. साच्यातून निघालेल्या एकसारख्या प्रतिमांनी हाताने केलेल्या प्रतिमांची जागा घेतली आहे. बाबासाहेबांनी उतारवयात कुंचला हाती घेतला आणि मिटल्या डोळ्यांच्या प्रचलित मूर्तीऐवजी उघड्या डोळ्यांचा बुद्ध चितारला, ही आठवण आपण अभिमानाने सांगतो. ज्याने जग पाहिले आणि जगाचे दुःख पाहिले तो बुद्ध, असा तिचा अर्थ आपण घेतो. तरीही विहारासाठी मूर्ती निवडताना आपण बहुधा दुकानात जी समोर असेल तीच उचलतो.

येथे आपल्याच पुणे जिल्ह्यातील कार्ले लेण्याची आठवण करून द्यावीशी वाटते. तेथील दानलेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे. त्याचबरोबर धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्याचे आहे, आणि वेणुवासाचा पुत्र सामि या सुताराचेही आहे. लेण्याचे दार घडविणाऱ्या सुताराचे नाव सुमारे दोन हजार वर्षे दगडावर टिकून आहे. धनिकाचे नाव आणि कारागिराचे नाव एकाच भिंतीवर कोरणारी ही परंपरा आपली आहे. इतरांच्या संग्रहालयात आपले नाव का नाही, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. तो विचारण्याचा अधिकार आपल्या भिंतीवर आपल्या सामीचे नाव लिहिल्याने अधिक बळकट होईल.

यासाठी मोठी इमारत लागत नाही. प्रत्येक विहाराने एक नोंदवही घालावी. तीत मूर्ती, तसबीर, पुतळा, फलक यांची माहिती लिहावी : करणारा कोण, वर्ष कोणते, वर्गणी कोणाकोणाची. जुने फलक, निमंत्रणपत्रिका, मिरवणुकीची छायाचित्रे, गायनमंडळांच्या वह्या जपून ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा विहाराच्या भिंतीवर मांडाव्यात. त्या दिवशी गावातील सर्व समाजाला बोलवावे. शाळेतील मुलांना मुंबईचे चित्तागारही अवश्य दाखवावे. तेथे त्यांनी शेरगिलची रेषा पाहावी, गायतोंड्यांचा प्रकाश पाहावा, आणि घागरीपुढे उभे राहून विहिरीचा प्रश्नही विचारावा. कलेपुढे हात जोडण्याची गरज नाही आणि तिच्याकडे पाठ फिरविण्याचीही नाही. जे आहे ते आहे म्हणून जाणावे, जे नाही ते नाही म्हणून पाहावे, ही धम्माची शिकवण कलादालनातही पुरेशी आहे.

आमच्या चर्चेच्या अखेरीस नसरापूरच्या उपासक-उपासिकांनी येत्या वर्षावासात अशी नोंदवही सुरू करण्याचे ठरविले आहे. तिच्या पहिल्या पानावर कोणाचे नाव लिहायचे याचा शोध सुरू झाला असून, गावातील पहिला जयंतीचा फलक रंगविणाऱ्या हाताची विचारपूस वयोवृद्धांकडे चालू आहे. इतर ठिकाणच्या विहारांनीही हे काम हाती घ्यावे आणि त्यातून हाती लागणाऱ्या माहितीची देवाणघेवाण व्हावी, अशी आमची सर्व वाचकांना नम्र विनंती आहे.